ओढ्यावरचा दिवा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि त्यांचं कारण लिहायचं, यावर माझं पोट. कारण सापडलं नाही म्हणजे नीट शोधलं नाही, असं ऑफिसातल्या नवख्यांना मीच ऐकवायचो. तरी हे लिहितोय... आणि यात मी काही चांगला दिसणार नाही, हेही ठाऊक आहे.

२००९ ची गोष्ट. मी मूळचा परभणीचा, नोकरी हिंजवडीत, खोली पिरंगुटला. तिथे हार्डवेअरच्या दुकानावर एक सायबर कॅफे होता. दर शनिवारी दुपारी आम्ही पाच जण तिथे ऑनलाइन गेम खेळायचो, पाच विरुद्ध पाच. मी, माझे दोन रूममेट, ऑफिसातला एक मित्र आणि संतोष. संतोष जवळच्याच उरवडे गावचा, तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर होता. तो मला दादा म्हणायचा, बाकीचे नावाने हाक मारायचे.

या गेममध्ये टीमचा एक मुख्य मारणारा असतो. तो अर्थातच मी! आणि एक असतो सपोर्ट. त्याने गेममधल्या जंगलात, ओढ्याकाठी दिवे लावायचे, म्हणजे शत्रू येताना टीममधल्या सगळ्यांना दिसतो. इतरांना जपायचं, आणि वेळ आली तर मारणाऱ्याऐवजी स्वतः मरायचं. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून आम्ही ते संतोषच्या गळ्यात मारलं.

सुरुवातीला तो भयंकर खेळायचा. सगळ्या कॅफेसमोर मी त्याला झापायचो. पण दर आठवड्याला तो सुधारत गेला. एकदा मी वैतागून विचारलं, "दिवा माझ्याजवळ लावायचा सोडून तिकडे लांब ओढ्याच्या वळणावर, तोही झाडामागे कशाला लावतोस?"

"दादा, आमी भात राखतो न्हवं," तो म्हणाला, "तवा कंदील खाचरात न्हाई ठेवत. डुक्कर ज्या वाटंनं येतंय, तितं ठेवायचा. खाचरात दिसलं म्हंजी लई उशीर झाला."

मला पटलं होतं. पण कबूल कोण करणार? "शहाणपणा नको. माझ्या मागे राहा," एवढंच म्हणालो.

मग पुण्यात एक स्पर्धा लागली. तिथल्या पोरांसमोर संतोषला न्यायची मला लाज वाटली — आज स्पष्टच लिहितो. त्याच्या जागी ऑफिसातला आणखी एक जण घेतला आणि आदल्या दिवशी संतोषला म्हटलं, "उद्या तू राहू दे."

"बरं दादा," तो म्हणाला. "पन वढ्यावर दिवा लावायला इसरू नगा."

विसरलो. पहिल्याच मॅचला समोरचे त्याच ओढ्यातून आले आणि आमचा खेळ खलास. त्याला फोन करून, "संतोष, चुकलो," म्हणायला हवं होतं. केला नाही. पुढचे दोन शनिवार तो आला नाही. रुसला असेल, येईल झक मारत, असं मी म्हणालो. हेच शब्द.

तिसऱ्या शनिवारी दुपारी तीनला आम्ही चौघेच बसलो होतो. नेहमीच्या नावाने गेमची रूम उघडली, आणि पाचव्या जागेवर संतोषचा आयडी आला. दुसऱ्या कुठल्या कॅफेतून बसला असेल, असं वाटलं. खरं सांगू? मनातून बरं वाटलं. आता लिहावं, "सॉरी रे"... बोटं कीबोर्डवर होती.

मी लिहिलं, "माझ्या मागे राहा."

खाली उत्तर आलं, "व्हय दादा."

मॅचभर तो दुसरं काही बोलला नाही. ओढ्याच्या वळणावर, झाडामागे, दिवा लागला. विझला की पुन्हा लागला. शेवटी मला तिघांनी घेरलं, तेव्हा तो मध्ये येऊन उभा राहिला आणि मेला. आम्ही जिंकलो. मी त्याला काही लिहीपर्यंत तो निघून गेला होता.

पायऱ्या उतरता उतरता त्याला फोन लावला. त्याच्या भावाने उचलला.

"संत्या गेला, दादा. गुरवारी. कावीळ झाली व्हती. आत्ता सकाळीच सावडून आलो. तुमाला कळवू म्हनलं व्हतं दवाखान्यात आसताना... त्योच नगं म्हनला. दादांची मॅच आसंल म्हनला."

मी तिथेच पायरीवर बसलो.

नंतर मी टेस्टरसारखा शोध घेतला. त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे असेल, हे धरून चाललो. भाऊ म्हणाला, घरात कुणी कॉम्प्युटरला हात लावत नाही. कारखान्यातल्या त्याच्या मित्रांना विचारलं, त्यांना हा गेमच माहीत नव्हता. आणि कुणी खोडी केली म्हणावं, तर तो दिवा? झाडामागचा? कारण आजही सापडलेलं नाही.

आता सपोर्ट मी खेळतो. बरा जमतो. पण मला खातं ते कोण आलं होतं, हे नाही. जो कोणी आला होता, त्याची माफी मागायला माझ्याकडे अख्खी मॅच होती, आणि मी त्याला मागे राहायला सांगितलं. आणि तो राहिला.