हात न उचलण्याची शपथ

शांत शाळा म्हटलं की लोकांना बरं वाटतं. मला अजून धडकी भरते.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. म्हसळ्याच्या पुढे, समुद्राकडच्या एका गावात मी मास्तरीण होते. गावाचे दोन भाग: नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कोळीवाडा. कोळीवाड्यातून सहावीपर्यंत पोचलेली एकच मुलगी होती. गणितात अशी पक्की, की हेडमास्तर तिच्या पाटीवरून आपलं उत्तर ताडून बघत. तिला सातवीच्या परीक्षेला बसवायचं आणि पुढे मास्तरीण करायचं, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

ती वर्गात आली की वाडीतली मुलं नाकं धरत. एकदा एकाने तिच्या दप्तरात कुजका बांगडा घातला. तिने पाटी उचलली आणि त्याचं कपाळ फोडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत बैठक भरली. वाडीतले बागायतदार आणि कोळीवाड्याचे पाटील पहिल्यांदाच एका जाजमावर बसले, त्याचंच सगळ्यांना केवढं कौतुक! मुलीला काढायचं नाही, दोन्हीकडच्यांनी मिळून सांभाळून घ्यायचं, असं ठरलं. मला आनंदाने रडूच आलं. मग ठरलं, की तिने ग्रामदेवतेपुढे शपथ घ्यायची: शाळेत आहे तोवर कुणावर हात उचलणार नाही.

"आणि मुलांनी?" मी विचारलं.

"ती कुठे मारतात, बाई? पोरंच ती, चिडवायचीच," मोठे बागायतदार म्हणाले. पाटील नखाने जाजमाची किनार खरवडत राहिले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, तिने नारळावर हात ठेवला. तिच्या घरात देवाला दिलेला शब्द म्हणजे चेष्टा नव्हती. त्याच देवाच्या भरवशावर घरची माणसं होडीत पाय ठेवत. ही मुलगी आता उलटून मारणार नाही, हे मुलांच्या लवकरच ध्यानात आलं. मग चिडवणं मागे पडलं आणि ढकलणं सुरू झालं. वेणी ओढायची, वाडीच्या पाण्याच्या पाटात पाडायचं, वर हसायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मी रोज डोळ्यांनी पाहत होते. मुलांना छड्या दिल्या, बैठकीला बसलेल्या प्रत्येकाचा उंबरा झिजवला. सगळीकडे एकच उत्तर. "आता तक्रार कुठे आहे, बाई? शाळा कशी शांत आहे!" त्या माणसांचा मला इतका राग यायचा, की घरी येऊन मी भांडी आपटायची.

एका दुपारी वाडीतल्या एका मुलाने दगड मारला आणि तिचा पुढचा दात पडला. ती तशीच वर्गात आली, तोंड रक्ताने भरलेलं, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. मी ते हात सोडवू लागले, तर सुटेनात.

तिची आई गुरवाकडे शपथ सोडवायला गेली. तो म्हणाला, दिलेला शब्द मागे घेता येत नाही. शाळा संपली की शपथ आपोआप संपेल. मग आईने शाळाच सोडवली. मी कोळीवाड्यात धावत गेले, त्या बाईचे हात धरले. "एकच वर्ष राहिलंय हो. माझ्या घरी राहू दे तिला, मी सांभाळीन."

"मास्तरीण व्हईल तवा व्हईल, बाई," ती म्हणाली. "तवर ती मला जिती पायजे."

पावसाळा सरल्यावर ती मुलगी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन वाडीच्या वाटेने येताना दिसली. मागून तोच कपाळ फुटलेला मुलगा, नाक धरून, तिच्या चालीची नक्कल करत. माझं डोकं फिरलं. मास्तरीण असून भर रस्त्यात ओरडले, "अगं, आता तू मोकळी आहेस! दे एक ठेवून!"

तिने टोपली सावरली.

"त्याच्या आईलाच म्हावरं इकायचं हाय ना, बाई," ती म्हणाली, आणि त्याच्या दारात जाऊन हाळी दिली.