नवरीमागचा मामा

मंगल कार्यालयात दोन मामा तयार होते. एक देवीदास, नवरीच्या आईचा सख्खा भाऊ. दुसरा राकेश, चुलतभाऊ. त्याला सुशीलाने, म्हणजे नवरीच्या आईने, फेटा-उपरण्यासकट कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. देवीदासला कळायचं ते कळलं. राकेशच्या डोक्याला फेटा त्यानेच तर बांधला होता.

आपल्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्यामागे उभा राहतो. थोरल्या भाचीच्या, पूर्णिमाच्या लग्नातही देवीदास उभा होता. म्हणजे, उभा होता असं आपलं म्हणायचं. तिसऱ्या मंगलाष्टकाला तो अंतरपाटासकट आडवा झाला, आणि वर "मी प्यायलो नाही" म्हणत व्याह्यांशीच भांडला. तात्यापाऱ्यातल्या आपल्या मराठी वस्तीत त्या लग्नाची दुसरी कुठलीही गोष्ट कोणाला आठवत नाही.

त्यानंतर त्याने पिणं आवरलं. सोडलं नाही, आवरलं; उगाच फुशारकी कशाला? उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून सुटला की रोज दारूभट्टी गाठणारा माणूस आता फक्त रविवारी, घरी, बायकोसमोर एक ग्लास घेई. पण मोकळी संध्याकाळ खायला उठे. तेव्हा शारदाने, त्याच्या बायकोने, गोल बाजारातून फेट्याचं कापड आणून दिलं. पाण्याच्या माठावर बांधून सोडून, सोडून बांधून तो शिकला. हातांची थरथर गेली तशा चुण्या सरळ बसू लागल्या. आता लग्नसराईत लोक त्याला शोधत येतात. कोणी आपल्याला शोधत यावं, याचं सुख त्याला या वयात कळलं.

म्हणून धाकटी भाची निवेदिता, आजची नवरी, हट्टाला पेटली, "मेरे पीछे देवी मामा ही खड़े रहेंगे." सुशीलाने हो म्हटलं, आणि राकेशलाही सांगून ठेवलं.

मुहूर्ताला थोडाच अवकाश असताना निरोप आला. नवरदेवाच्या काकांचा फेटा बांधायचा राहिलाय, ते बाहेर गाडीपाशी आहेत. गाडीपाशी म्हणजे डिकी उघडी, आत बाटल्या! पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? तो गेला. काका डोकं एका जागी ठेवतील तर शपथ. शेवटचा पदर खोचताना त्यांनी ग्लास थेट त्याच्या तोंडाशी आणला, "एक तो लगाओ भैया!" देवीदासने झटक्यात मान फिरवली, आणि अख्खा ग्लास त्याच्या कुर्त्यावर सांडला.

तो आत आला तेव्हा भटजी मामांना हाका मारत होते. सुशीला धावत पुढे आली आणि थबकली. पदर नाकाला गेला.

"आजही, देवी?"

"ताई, प्यायलो नाही. अंगावर सांडली."

हेच शब्द तिने मागेही ऐकले होते. कोपऱ्यात राकेश उठून उभा राहिला. माना वळू लागल्या. देवीदासची कानशिलं तापली. त्या काकांना ओढत आणावं, सगळ्यांसमोर विचारावं, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. त्याने ते गिळलं आणि खांद्यावरचं उपरणं काढून बहिणीपुढे धरलं.

"राकेशले उभं कर ताई. पोट्टीचा मुहूर्त नको चुकवू."

आणि तो मागच्या खुर्च्यांकडे चालू लागला.

सुशीला पाहतच राहिली. प्यायलेला देवीदास कधी गुमान मागे सरल्याचं तिला जन्मात आठवेना.

"थांब! काहून जाऊन राहिला? पिऊन असता तर आतापर्यंत मांडव डोक्यावर घेतला असता तू." उपरणं तिने स्वतः त्याच्या खांद्यावर टाकलं. "चाल. पोट्टी वाट पाहून राहिली."

मंगलाष्टकं सुरू झाली. गर्दीच्या उकाड्यात ओल्या कुर्त्याचा वास थेट नाकात चढत होता. देवीदासच्या तोंडाला पाणी सुटलं. डिकी कुठे उघडी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मंगलाष्टकं संपली की त्याला कोणी अडवणार नव्हतं.

"मामा, पीछे हो ना?" निवेदिताने मागे न वळता हळूच विचारलं.

"हव."

तिसरं मंगलाष्टक लागलं. सुशीलाने डोळे मिटून घेतले. राकेश दोन पावलं पुढे सरकला. देवीदासने पाय रोवले आणि भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. हात स्थिर होता.

तिसरं सरलं, चौथं लागलं. राकेश परत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि फेटा काढून त्याने मांडीवर ठेवला.