रंगनाथराव कडूंचं स्वतंत्र मशीन

देवळाली प्रवरेचे रंगनाथराव कडू साखर कारखान्यातून निवृत्त झाले, त्यांनी नगरला सावेडीत बंगला बांधला आणि पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र काढलं. सोयरिकी जुळवायची हौस त्यांना पहिल्यापासूनच होती. नोकरीत असताना उसाची नोंद घ्यायला गेले, तरी त्या घरात लग्नाचं कोण आहे हे विचारून यायचे. लोक त्यांना मानत ते त्यांच्या चौकशीसाठी. शेजार कसला, भावकी कशी, आत्या कुठे दिली, सगळं ते खणून काढत.

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत त्यांना कळलं, की चौकापलीकडे असंच केंद्र चालवणारे राधाकृष्ण म्हस्के वेबसाइट काढताहेत. रंगनाथराव लगेच स्कूटर काढून रुपाली साळवेकडे गेले. ती जवळच कॉम्प्युटरचा क्लास चालवायची आणि वेबसाइटही बनवून द्यायची.

“साइट होईल, काका,” रुपाली म्हणाली. “पण ती ठेवायला कायम चालू राहणारा कॉम्प्युटर लागतो. पुण्याची एक कंपनी अमेरिकेतल्या मशीनवर जागा भाड्याने देते.”

“म्हणजे तो कॉम्प्युटर आपला?”

“नाही. एका मशीनवर शेकडो साइट असतात. म्हणून तर स्वस्त पडतं.”

“आणखी कोण असतं त्यावर?”

“कोणीही. केसांच्या टोपांचं दुकान, कुत्र्यांचं पाळणाघर. म्हस्केकाकाही असतील, त्यांनीही हीच कंपनी घेतलीय.”

रंगनाथरावांनी चहाचा कप खाली ठेवला. “आपल्याकडे चांगल्या घरच्या मुलींचे फोटो असणार. ते कुत्र्यांच्या शेजारी? अगं, शेजारी कोण हे बघितल्याशिवाय मी भाडेकरूसुद्धा ठेवत नाही.”

“माहितीये,” रुपाली म्हणाली. “आम्ही इथे खोली शोधत होतो, तेव्हा आडनाव ऐकूनच लोक नाही म्हणायचे.”

रंगनाथरावांनी कप पुन्हा उचलला. मग चहा छान झालाय म्हणाले.

सगळं मशीन एकट्यालाही मिळतं, हे सांगणं रुपालीला भाग होतं. त्याला डेडिकेटेड म्हणतात, पण साइटवर भरपूर गर्दी असेल तरच ते परवडतं, आणि मशीनची देखभाल आपली आपणच करायची असते, हेही तिने सांगितलं. रंगनाथरावांनी त्यातला ‘एकट्याला’ हा शब्द तेवढा ऐकला.

उद्घाटनाला पत्रिका छापल्या. पाहुण्यांना ते मशीन, म्हणजे सर्व्हर, बघायचा होता. तो अमेरिकेत असल्याचं ऐकून ते जरा हिरमुसले, तेव्हा रंगनाथरावांच्या पत्नी मुक्ताबाईंनी घरातल्या मॉनिटरलाच हळद-कुंकू वाहिलं. भाषणात रंगनाथराव म्हणाले, “अख्खं मशीन आपल्या एकट्याचं आहे. बाकीच्यांचं काय, धर्मशाळेत उतरलेत.” म्हस्के पुढच्याच रांगेत बसून पेढा खात होते.

त्यानंतर दोन महिने साइटवर कोणी फिरकलं नाही. रंगनाथराव स्वतः मात्र रोज साइट उघडून बघत, आणि साइटला भेट दिलेल्यांचा आकडा वाढला की मुक्ताबाईंना हाक मारत.

“कोण आलं?” त्या विचारत.

“ते कळत नाही.”

“तुमीच आला असाल. दुसरं कोन येतंय?”

मशीन रिकामं पडलंय, ही गोष्ट रंगनाथरावांना टोचायला लागली. रिकामी जागा ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी आधी भाच्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानाला जागा दिली. मग खर्डा गावचे शिक्षक कानिफनाथ गोलेकर आले. त्यांना क्रिकेटचा धावफलक मराठीत द्यायचा होता. रंगनाथरावांनी त्यांचीही रीतसर चौकशी केली आणि फुकट जागा दिली. शेवटी म्हस्केही आले. पुण्याच्या कंपनीशी त्यांचं बिनसलं होतं. त्यांना रंगनाथराव नाही म्हणू शकले असते, पण म्हस्के आपल्या दारात जागा मागायला आलेत, या सुखापुढे त्यांना काही सुचलं नाही.

मे महिन्यात विश्वचषक सुरू झाला. अमेरिकेतल्या मराठी मुलांना गोलेकरांच्या पानाचा शोध लागला आणि ती ऑफिसात बसून धावफलक उघडू लागली. मशीन गुदमरलं. वधू-वरांचे फोटो कपाळापर्यंत दिसत आणि तिथेच अडकत. पुण्याच्या कंपनीला फोन लावला, तर उत्तर आलं, “मशीन तुमचं आहे साहेब, तुम्हीच बघा.”

रंगनाथराव रुपालीकडे धावले. “गोलेकरांना काढ.”

“काढते. पण गर्दी आहे ती त्यांच्याचकडे. तुमच्या नावाचं मशीन चाललंय ते त्यांच्यामुळेच.”

आता कुठे आपल्या मशीनवर खरोखर माणसं येत होती. अमेरिकेतून एकाने धावफलकाच्या मालकाला धन्यवाद कळवले होते, आणि तो मालक म्हणजे आपणच, असं रंगनाथरावांनी धरून टाकलं होतं.

“मग आमचंच कुठेतरी हलव,” ते म्हणाले. “स्वस्तातलं बघ. साध्या मशीनवर.”

त्याच संध्याकाळी केंद्राची साइट शेकडो अनोळखी साइटच्या गर्दीत जाऊन बसली आणि सुरळीत उघडू लागली. ऑगस्टमध्ये तिच्यावरून पहिलं स्थळ आलं, मस्कतचा एक इंजिनिअर. रंगनाथराव त्याच्या आत्याची चौकशी करण्यात गढून गेले. स्वतंत्र मशीनचं भाडं मात्र ते भरत राहिले. कानिफनाथ गुरुजी त्यावर आता फुटबॉलही देणार होते.