लॉगमध्ये नाव नको

आमच्या ऑफिसातल्या नसरीन आपा गेल्याचं मला रिक्षात बसताना फोनवर कळलं. झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... रिक्षावाला कुठे जायचं ते विचारत होता आणि मला ऑफिसचा पत्ता आठवेना. चौथ्या दिवशी ऑफिसात आम्ही दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. खाली बसता बसताच साहेबांनी पहिला विषय काढला, "तो आपांचा नियम आता काढून टाकू. कामं अडतात." असा राग मला आयुष्यात आला नव्हता. तो अजून उतरलेला नाही, म्हणूनच हे लिहितोय.

नगरमधली आमची कंपनी छोटी. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. प्रोग्रॅम चालताना आपण काय काय केलं ते एका फाईलमध्ये लिहीत जातो, तिला लॉग म्हणतात. काही बिघडलं की आम्ही ती उघडून बघतो. आळशी प्रोग्रॅमर त्यात सगळंच ओततो. पेशंटचं नाव, मोबाईल, आजारसुद्धा. आपांना याची भयंकर चीड. आमचा कोड पुढे जाण्याआधी तो तपासणारा लिंटर नावाचा एक प्रोग्रॅम असतो, त्यात त्यांनी स्वतःचा नियम घातला. लॉगच्या ओळीत पेशंटचं नाव दिसलं की कोड तिथेच अडायचा आणि पडद्यावर लाल अक्षरांत त्यांचं वाक्य यायचं, 'हे नाव तुझ्या घरातलं असतं तर?'

त्यांचे अब्बा राहुरीकडच्या एका खेड्यात पोस्टमन होते. ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं तेच वाचून दाखवायचे. "एका दारातलं दुसऱ्या दारात न्यायचं न्हाई, एवढं एकच शिकवलं त्यांनी," असं आपा अब्बांच्याच सुरात सांगायच्या आणि वर हसायच्या.

मी तेव्हा नवा होतो आणि दीडशहाणा होतो. नियम ठरावीक शब्द बघून अडवतो हे मी ओळखलं आणि पेशंटच्या नावाला कोडमध्ये नुसतं 'क्ष' म्हटलं. लिंटर गप्प बसला, मी खूश. महिनाभरात संगमनेरच्या एका लॅबमध्ये बिघाड झाला. मी लॉगची फाईल तिकडे पाठवली, तिथल्या कुणीतरी ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. त्यात एका मुलीचा टीबीचा रिपोर्ट होता. तो तिच्या आधी तिच्या होणाऱ्या सासरी पोचला आणि ठरलेलं लग्न मोडलं.

आपा मला घेऊन एसटीने थेट त्या घरी गेल्या. मुलगी बाहेर आलीच नाही. तिच्या आईने पाणी दिलं आणि म्हणाली, "टीबीला औषध हाय ओ. लोकांच्या तोंडाला हाय का?" मी मान खाली घालून बसलो होतो. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही, विसरायचंही नाही.

परतीच्या एसटीत आपांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. काय नको त्याची मी यादी केली. यादीत नाही ते सुटणारच. आता उलटं करू. काय चालेल तेवढंच लिहू. नोंदणी क्रमांक, वेळ आणि काय बिघडलं ते. बाकी सगळं अडेल." मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. त्यांनी तो नवा नियम माझ्याच हातून लिहून घेतला.

त्यानंतर सगळ्या ऑफिसने कुरकुर केली. 'आपांचा कर्फ्यू' असं नावही पडलं. साहेब एकदा म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतंय, नाव असलं की माणूस पटकन सापडतो."

"सापडतो म्हणूनच नको," आपा म्हणाल्या आणि चहा पीत राहिल्या.

तर त्या श्रद्धांजलीच्या दिवशी मी उठलो आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एका लॅबचा आदल्या दिवशीचा लॉग लावला. आपल्या आईचं रक्त आदल्या दिवशी याच लॅबमध्ये तपासल्याचं साहेबांनीच सकाळी सगळ्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, "साहेब, आई यात कुठे आहेत ते दाखवा." ते आकड्यांच्या ओळी वरून खाली, खालून वर बघत राहिले. आई कुठेच नव्हत्या. "असू दे," ते हळूच म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

हा विषय पुन्हा निघणार, मला माहीत आहे. निघू दे. आपांच्या खुर्चीवर आता दुसरं कुणी बसतं, त्यांचा कपही कुणी उचलून नेला. पण गेल्या आठवड्यात एक चूक शोधताना घाईघाईत मीच लॉगमध्ये पेशंटचं नाव लिहिलं आणि पडदा लाल झाला. 'हे नाव तुझ्या घरातलं असतं तर?' जाऊन दीड महिना झाला तरी बाई मला रागावल्या... डोळे पुसले आणि ओळ खोडली. तो नियम ज्याला काढायचा असेल, त्याने माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसावं आणि माझ्या डोळ्यांदेखत काढून दाखवावा.