एका पंपात दोन औषधं

मखमलाबादच्या घरून सातपूरला कंपनीत जाताना कुठल्या हॉटेलातला संडास स्वच्छ असतो आणि कुठला मालक चहा न घेताही आत जाऊ देतो, हे मला आजही तोंडपाठ आहे. एकोणतिसाव्या वर्षी मला मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार जडला. रक्त पडायचं, दिवसातून दहा-बारा वेळा धावावं लागायचं. कंपनीत मी क्वालिटीला होतो. हातातलं मोजमाप अर्धवट टाकून पळायचो. सोबतचे हसायचे, मीही हसायचो, आणि आत जाऊन कडी लावली की रडायचो.

डॉक्टरबाईंनी सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं तरी थांबवायच्या नाहीत, असं मला दोनदा बजावलं. आजार हाताबाहेर गेला तर आतडं काढावं लागेल, हेही सांगून टाकलं. शेजारी अप्पा बसले होते, म्हणजे माझे वडील. त्यांचा सगळा जन्म भाजीपाला पिकवण्यात गेलेला. त्यांनी विचारलं, "बाई, यावर आपल्याकडं झाडपाला काहीच नाय का?"

"हळदीतल्या एका घटकावर संशोधन चाललंय," बाई म्हणाल्या. "काही रुग्णांना फायदा दिसलाय. पण अजून खात्रीनं सांगता येत नाही."

यातलं शेवटचं वाक्य अप्पांनी तिथेच खुर्चीवर सोडलं आणि उरलेलं घेऊन घरी आले.

भाजी पिकवणाऱ्या बहुतेक घरांत असतो तसा आमच्याकडेही विहिरीजवळ एक घरचा वाफा होता. मार्केटला जाणाऱ्या भाजीवर फवारा पडायचा, या वाफ्यावर कधीच नाही. आईची मेथी, कोथिंबीर आणि चार वांग्यांची झाडं तिथेच असायची. उन्हाळ्यात अप्पांनी तो सगळा मोकळा करून हळद लावली. "आता भाजीवाल्याच्या घरात भाजी इकत आणायची का?" म्हणून आई पंधरा दिवस धुसफुसत होती. पण कोंब वर आले तशी संध्याकाळी त्याला पाणी धरायला तीच जायला लागली. मीही कंपनीतून आलो की बांधावर बसायचो. हळदीचं पान चुरगाळलं की बोटांना जो वास येतो, तो अजून कुठे आला की माझे पाय थांबतात.

संक्रांतीनंतर हळद काढली, उकडली, गच्चीवर वाळवली. अप्पांची बोटं महिनाभर पिवळी होती. मार्केटमध्ये लोक त्यांना "लग्न ठरलं का काय?" म्हणून चिडवायचे आणि ते खुशीत हसायचे.

तोवर गोळ्यांनी मी बराच सावरलो होतो. पहिल्या दिवशी हळदीच्या दुधाचा पेला माझ्या हातात देत अप्पा म्हणाले, "आता गोळ्या बंद. एका पंपात दोन औषधं कालवायची नाय. पानं करपतात."

मळ्यापुरतं ते खरंच होतं. घाईत दोन औषधं एकत्र फवारून आमचा अख्खा टोमॅटो एकदा करपला होता. मी गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून दिला.

पुढचे दीड महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. आधी आम्ही बाप-लेक कामापुरतंच बोलायचो. आता अप्पा रोज सकाळी पेला घेऊन ओट्यावर यायचे, मी संपवेपर्यंत उभे राहायचे. "पोट कसं हाय?" इथून सुरुवात व्हायची आणि गप्पा त्यांच्या लहानपणीच्या मोटेपर्यंत जायच्या. दूध कडवट लागायचं. तरी मी मुद्दाम हळूहळू प्यायचो.

मग एका दुपारी कंपनीतच रक्त सुरू झालं, ते थांबेचना. दवाखान्यात डॉक्टरबाई भडकल्या. "गोळ्या कोणी बंद केल्या? हळदीचे ते प्रयोग गोळ्यांच्या सोबत चाललेत, गोळ्यांऐवजी नाही! आणि तो वेगळा काढलेला अर्क असतो, घरची हळद नव्हे. आता आतडं वाचतंय का बघू."

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "म्या बंद केल्या. पोराचा दोष नाय. त्याला बोलू नका, बाई."

मी डोळे मिटून पडून राहिलो.

खरं तर बाईंनी मलाच बजावलं होतं. मी डिप्लोमा झालेला माणूस. टोमॅटोचं पान आणि माणसाचं आतडं यातला फरक मला कळत होता. पण जन्मभर गोळ्या घ्यायच्या या विचारानंच मी विटलो होतो, आणि अप्पांच्या बोलण्यानं मला आयतं निमित्त मिळालं. ते नसते बोलले तर मी दुसरं शोधलं असतं.

जास्त जोरकस औषधांवर तीन आठवडे काढले आणि आतडं वाचलं. अप्पांनी त्यानंतर कुणालाही साधा काढासुद्धा सुचवला नाही. शेजारीपाजारी खोकल्याला काय घ्यावं म्हणून विचारायला आले, तर म्हणायचे, "मला इचारू नका. म्या माझ्या हातानं पोराला मारत होतो." मी तिथेच बसलेलो असायचो. मान खाली घालून जेवत राहायचो.

ते आणखी आठ वर्षं जगले. "अप्पा, मला माहीत होतं," एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही.