आईची इयत्ता

न्यूमोनियामुळे आई अतिदक्षता विभागात होती, व्हेंटिलेटरवर. त्यातून ती वाचली. घरी आल्यावर हळूहळू चालू लागली, पण बोलताना मध्येच थांबायची. एकदा रिकामं पातेलं पेटत्या गॅसवर ठेवून गॅलरीत जाऊन बसली. मी आणि बायको दोघंही नोकरीला जातो. दिवसभर आईला खारघरच्या फ्लॅटमध्ये एकटं ठेवायचं की नाही, हे ठरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, इतक्या मोठ्या आजारानंतर स्मरणशक्ती, हिशेब यांवर परिणाम राहू शकतो. चाचणी करून घ्या.

चाचणी घेणाऱ्या मॅडमनी आधी वय विचारलं, मग शिक्षण.

"मॅट्रिक," आई म्हणाली. मी लहानपणापासून तेच ऐकत आलो होतो.

मग शंभरातून सात वजा करत जाणं, पाच शब्द लक्षात ठेवणं, घड्याळ काढणं. तीसपैकी एकोणीस गुण. मॅडमनी तक्ता बघितला. "या वयाच्या, मॅट्रिक झालेल्यांच्या मानानं कमी आहेत. एकटं नका ठेवू."

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "चौथी."

"काय चौथी?"

"मी चौथी शिकले. पुढची शाळा लांब होती. बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी मॅट्रिक सांगितलं. नंतर तुझे वडील गावभर तेच सांगत सुटले. मी काय खोडून काढणार?"

"अगं, आत का नाही बोललीस?"

"तू शेजारी बसला होतास."

मी रिक्षा मागं वळवली. मॅडमनी तोच तक्ता पुन्हा काढला आणि चौथीपर्यंत शिकलेल्यांची ओळ बघितली. "यांच्यात एकोणीस बसतात. ठीक आहेत त्या."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण गुण तेच होते, आईही तीच होती.

"आजाराआधी किती आले असते?"

"आधी चाचणी केली होती?"

"नाही."

"मग ते तक्त्यातून कळणार नाही. फरक पडलाय का, ते घरच्यांनी सांगायचं."

मी आठवू लागलो. आई आधीही बोलताना थांबायची का? दूध उतू जायचं का? आमच्या विजेच्या बिलातला फरक मी महिन्यागणिक सांगू शकतो. हे सांगता येईना.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "मग आईंना एकटं ठेवायचं?"

"तक्त्याप्रमाणे हो."

"आणि तुमच्याप्रमाणे?"

सोमवारी दोघंही कामावर निघालो. स्टेशनवर पोचताच मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कशाला केलास?" आई म्हणाली.

"असंच."

"मग ठेव. माझे हात ओले आहेत."

हात ओले असणं चांगलं की वाईट, हे मला ठरवता येईना. गाडी आली, गेली. मी फलाटावरच उभा होतो.