किल्ली कोणी फिरवली?

गॅरेज दोघा भावांचं होतं. इंजिनं थोरला बांधायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम धाकट्याचं. थोरल्याला सगळे दादाच म्हणत.

त्या दिवशी दादाने डॉक्टरीणबाईंच्या जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधून बसवलं, ऑइल भरलं आणि जेवायला जाताना धाकट्याला बजावलं, "किल्लीला हात लावू नकोस. ऑइल अजून खाली चेंबरात आहे, बेअरिंगं कोरडी आहेत. मी आलो की ड्रिल लावून ऑइलचा पंप फिरवतो. प्रेशरचा काटा चढला की मगच स्टार्टर मारू."

तेवढ्यात बाई आल्या. धाकट्याला मिरवायची हुक्की आली. "ऐका आवाज!" म्हणत त्याने गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, ठोके देऊ लागलं आणि जाम झालं.

दादा परतला तेव्हा धाकटा सांगत होता, "दादाचं आता वय झालंय, बाई. हात पूर्वीसारखा चालत नाही."

"किल्ली कोणी फिरवली ते विचारा त्याला," दादा म्हणाला. "किल्ली फिरवल्याने कुठे इंजिन जाम होतं?" धाकटा बाईंकडे बघून हसला.

"जाऊ द्या, होतात चुका या वयात," बाई समजुतीने म्हणाल्या.

गोष्ट गावभर झाली आणि दादाला गॅरेज सोडावं लागलं. आता तो दुसऱ्याच्या गॅरेजात पंक्चर काढतो. त्याला इंजिन बांधायला कोणी देत नाही. परवा धाकट्याची बायको भेटली. "दादा, झालं गेलं विसरा. हे रोज तुमचं नाव काढतात."

"काढणारच," दादा म्हणाला. "अजूनही इंजिनं बिघडत असतील."